पाठीतल्या पाण्यातले धातू: नमुना घेण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

मेंदू-मज्जाद्रवात, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत सीएसएफमध्ये, तांबं लिटरमागे साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असतं. जस्त १० ते ४०, लोह २० ते ५०, आणि मँगनीज एक मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. सीरममध्ये तांबं आणि जस्त याच्या तीस-चाळीसपट, कधी त्याहून जास्त असतं. सुई, हातमोजा, नळीचं झाकण, खोलीतली धूळ आणि त्वचेतून आलेला रक्ताचा थेंब, या प्रत्येकाकडे नमुन्यात नसेल इतका धातू असतो. चुकीचा आकडा यंत्रात तयार होण्यापेक्षा रुग्णाच्या खाटेपाशी तयार होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून इथे सुई आणि नळी यांवर सविस्तर लिहिलं आहे. यंत्राची बाजू त्या मानाने सरळ आहे.

हे लिखाण वैद्यकीय महाविद्यालयातल्या निवासी डॉक्टरांसाठी, तंत्रज्ञांसाठी आणि पुण्यातल्या पाषाण-गणेशखिंडीकडच्या प्रयोगशाळांत नमुने घेऊन जाणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे. एलपी (लंबर पंक्चर, म्हणजे कमरेत सुई घालून हे पाणी काढणं) हे प्रशिक्षित डॉक्टरचंच काम आहे. त्याची पद्धत इथे शिकवलेली नाही, धातूंसाठी त्यात काय बदलायचं तेवढंच सांगितलं आहे.

कोणाचा नमुना घ्यायचा

केवळ धातू मोजायचे म्हणून कुणाच्याही पाठीत सुई घालू नये. निदानासाठी एलपी ठरलेलीच असेल, तेव्हा लेखी संमती घेऊन दोन मिलिलिटर जास्तीचं पाणी मागायचं. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी, आणि संमतीपत्र आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मराठीत हवं. डोळ्याच्या मज्जातंतूच्या टोकाशी सूज (पॅपिलेडीमा), मेंदूत गाठ, रक्त पातळ करणारी औषधं, प्लेटलेट ५०,०००च्या खाली, सुईच्या जागी त्वचेचा संसर्ग, यातलं काही असेल तर आधी वरिष्ठांचा निर्णय.

माहितीचा फॉर्म एलपीच्या आधी भरून घ्या. नंतर रुग्ण झोपून असतो, नातेवाईक बदललेले असतात आणि अर्धी उत्तरं मिळत नाहीत. नुसतं "काही औषधं चालू आहेत का" असं विचारून भागत नाही, नाव घेऊन विचारावं लागतं: एखादं भस्म किंवा रसौषधी घेता का (त्यात पारा, शिसं, आर्सेनिक असू शकतं), जस्ताच्या गोळ्या किती दिवस चालू आहेत, तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पिता का, भोसरी, चाकण किंवा पिंपरी-चिंचवडला वेल्डिंगचं काम करता का, कसब्यात तांबट आळीत धातूकाम केलंय का, पिण्याचं पाणी महापालिकेचं की बोअरचं, डायलिसिस चालू आहे का, पोटाचं किंवा लिव्हरचं ऑपरेशन झालंय का, शिरेतून पोषण दिलं होतं का.

हटकून राहून जाणारा प्रश्न एमआरआयचा. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन एमआरआय आणि दुसऱ्या दिवशी एलपी, हा क्रम न्यूरॉलॉजीत नेहमीचा आहे. गॅडोलिनियमचे दुहेरी प्रभार असलेले आयन सेलेनियमच्या वस्तुमानांवर येऊन बसतात आणि सेलेनियम फुगलेलं दिसतं. गॅडोलिनियम किंवा आयोडिनचं काँट्रास्ट दिल्यावर ९६ तास धातूंसाठी नमुना घेऊ नये, अशी पद्धत आहे. मात्र रुग्णाची एलपी त्यासाठी लांबवायची नाही. नमुना घ्या, काँट्रास्टची तारीख-वेळ लिहा आणि त्या नमुन्यात सेलेनियम मोजूच नका.

नळ्या धुणं

काच वापरू नका. काचेतून अ‍ॅल्युमिनियम झिरपतं. रबरी बुचातून जस्त येतं. पॉलिप्रॉपिलिनच्या, रंग नसलेल्या, स्क्रू झाकणाच्या नळ्या घ्या आणि झाकणात रबरी रिंग नाही हे पाहून घ्या. पिपेटच्या टिपाही बिनरंगी हव्यात, पिवळ्या-निळ्या टिपांच्या रंगद्रव्यातून धातू सुटू शकतात.

धुण्यासाठी १० टक्के नायट्रिक आम्ल: ९०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात १०० मिलिलिटर ६९ टक्क्यांचं आम्ल, हळूहळू, फ्यूम हूडखाली, चष्मा लावून. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. नळ्या आणि झाकणं वेगवेगळी पूर्ण बुडवून २४ तास ठेवायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा न धुतलेली राहते, म्हणून नळ्या आडव्या बुडवून हलवायच्या. मग १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरच्या, म्हणजे अतिशुद्ध पाण्याने तीनदा खळखळून लॅमिनार फ्लो हूडमध्ये उलट्या सुकवायच्या. ओव्हनमध्ये नको, ओव्हनच्या पंख्यातून गंज उडतो. सुकल्यावर झाकण लावून दुहेरी झिप पिशवीत. बाहेरची पिशवी वॉर्डात उघडायची, आतली थेट खाटेपाशी.

उपनगरात टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत प्रयोगशाळा असेल तर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची कार्ट्रिज लवकर संपतात. खडकवासल्याच्या पाण्यावर जे वेळापत्रक चाललं ते तिथे चालत नाही. रोज सकाळी पहिला लिटर टाकून द्या, मग मीटरवरचा आकडा वहीत लिहा.

प्रत्येक लॉटमधल्या पाच धुतलेल्या नळ्या काढा, त्यात १ टक्का नायट्रिक आम्ल एकेक मिलिलिटर घाला, रात्रभर ठेवा आणि मोजा. एका जरी नळीत जस्त किंवा मँगनीज उसळलं तर सगळा लॉट पुन्हा धुवायचा. पाचांची सरासरी चांगली आली म्हणून तो पास करू नका. तुमचा एखादा रुग्ण त्या एका वाईट नळीत जाणारच असतो.

सुई आणि रक्त

स्पायनल सुई स्टेनलेस स्टीलची असते. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये लोहासोबत सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि २ टक्क्यांपर्यंत मँगनीज असतं. सीएसएफमध्ये क्लोराइड भरपूर. सुईतून जाणारे पहिले थेंब सुईचा अंश घेऊन येतात, त्यामुळे स्टीलच्या सुईने घेतलेल्या सीएसएफमधलं क्रोमियम आणि निकेल अहवालात देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण दोन्ही मोजायचे मात्र नक्की, कारण सुईची चुगली तेच करतात. ज्या नमुन्यात क्रोमियम, निकेल आणि मँगनीज तिन्ही एकत्र चढलेत, तिथल्या मँगनीजवर विश्वास ठेवू नका.

सुईच्या लॉटची चाचणी अशी: त्याच लॉटची सुई, आतला स्टायलेट (सुईतली तार) काढून, तिच्यातून अतिशुद्ध मिठाचं ०.९ टक्के द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. पहिले दोन मिलिलिटर एका नळीत, पुढचे दोन दुसऱ्या नळीत. दोन्ही मोजायचे. सलाइनच्या बाटलीतलं द्रावण यासाठी नको, त्यात स्वतःचेच धातू असतात. दुसऱ्या नळीतलं मँगनीज ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली आलं तर सुई वापरण्याजोगी. २२ गेजची, बोथट टोकाची अट्रॉमॅटिक सुई निवडा. नंतरची डोकेदुखी तिने कमी होते, म्हणजे ती रुग्णाच्याच हिताची आहे.

आता रक्त. हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे १५ ग्रॅम असलेल्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम. असं एक मायक्रोलिटर रक्त एक मिलिलिटर सीएसएफमध्ये मिसळलं की लोह लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅमने वाढलं, मूळ लोहाच्या दहापट किंवा त्याहून जास्त. तांबड्या पेशींच्या हिशेबात ते होतात मायक्रोलिटरमागे ५,०००. याचा दहावा भाग, म्हणजे ५०० पेशी असलेलं पाणी, डोळ्याला बरेचदा स्वच्छच दिसतं, आणि तरी त्यात रक्तातून आलेलं ५० मायक्रोग्रॅम लोह असतं. जितकं असायला हवं जवळपास तितकंच वरून पडलेलं!

तेच ५०० पेशींचं रक्त तांब्यात फक्त ०.१ मायक्रोग्रॅमची भर घालतं आणि जस्तात ०.६-०.७ची. मँगनीजमध्ये तर नगण्य. म्हणून एकच मर्यादा सगळ्या धातूंना लावणं चुकीचं आहे. लोह द्यायचं असेल तर तांबड्या पेशी मायक्रोलिटरमागे ५०च्या खाली हव्यात. तांबं, जस्त आणि मँगनीजसाठी ५००पर्यंत चालतं. रक्त मिसळलेला नमुना फेकून देण्याआधी हा हिशेब करा, त्यातलं तांबं बहुधा वापरता येतं.

सेंट्रिफ्यूजने अखंड पेशी खाली बसतात आणि त्यांच्यासोबत त्यांचं लोहही जातं. पण फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन वरच्या पाण्यात राहतं. ते पकडायला वरचं पाणी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३५० ते ६०० नॅनोमीटर स्कॅन करा. ४१५ नॅनोमीटरजवळ शिखर दिसलं तर हिमोग्लोबिन आहे. दर लिटरला एक मिलिग्रॅम हिमोग्लोबिन म्हणजे ३.४ मायक्रोग्रॅम लोह. मात्र हा आकडा लोहातून वजा करून "दुरुस्त" लोह लिहू नका. मोठ्या अंदाजातून मोठा अंदाज वजा केला की उरतं ते फार थोडं आणि फार कच्चं असतं.

एलपीच्या वेळी

सकाळी ८ ते १०ची वेळ ठरवून टाका, कारण जस्त दिवसभरात आणि जेवणानंतर बदलतं. हातमोजे बिनपावडरीचे. पावडरीत जस्त असतं. बीटाडिन किंवा जे काही लावलं असेल ते पूर्ण सुकू द्या. सुईखाली नळी धरणाऱ्याने बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात आणि कपाळाचं कुंकू किंवा अंगारा पुसावा. हा आग्रह धरला म्हणून कुणी रागावू नये. नळी कपाळाच्या अगदी खाली उघडी असते.

सीएसएफ आपोआप टपकू द्यायचं, सिरिंजने ओढायचं नाही. क्रम असा:

१. पहिले २ मिलिलिटर बायोकेमिस्ट्रीला: प्रथिनं, साखर, अल्ब्युमिन. सुईचा आणि त्वचेचा अंश यात जातो.
२. पुढचे २ मिलिलिटर धातूंच्या नळीत. नळीचं झाकण शेवटच्या क्षणी उघडा, नळीची कड सुईच्या हबला टेकवू नका.
३. त्यापुढचं पेशी मोजायला. धातूंच्या लगेच नंतरची नळी असल्यामुळे रक्ताचा हिशेब याच नळीवरून करता येतो.
४. उरलेलं मायक्रोबायोलॉजीला.

धार मंदावली आणि एकूण तीन-चार मिलिलिटरच मिळणार असं दिसलं, तर धातूंची नळी बाजूला ठेवा आणि सगळं निदानाला द्या. यात चर्चा नको.

क्रम प्रत्येक रुग्णात तोच ठेवायचा, कारण कमरेतल्या पाण्यात प्रथिनं जास्त आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या पुढच्या पाण्यात कमी असतात. प्रथिनांना चिकटलेलं तांबं आणि लोह त्यानुसार बदलतं. एका रुग्णाचा तिसरा मिलिलिटर आणि दुसऱ्याचा अकरावा, अशी तुलना होत नाही.

त्याच वेळी हाताच्या शिरेतून रक्त घ्या, रॉयल ब्लू झाकणाच्या ट्रेस एलिमेंट ट्यूबमध्ये. मँगनीज आणि शिशासाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब आणि अखंड रक्त, तांबं-जस्तासाठी सीरमची. अल्ब्युमिनसाठी नेहमीची वेगळी ट्यूब. रक्ताशिवाय आलेला सीएसएफचा आकडा निम्म्याने निरुपयोगी होतो, ते का ते पुढे येतं.

दर दहा एलपींमागे एकदा वॉर्डचा ब्लँक घ्या: एका धुतलेल्या नळीत शुद्ध पाणी एक मिलिलिटर, झाकण उघडून खाटेपाशी तितकाच वेळ, मग बाकीच्या नमुन्यांसारखाच सगळा प्रवास. पुण्याची धूळ दख्खनच्या बेसाल्टची आहे. तिच्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर आणि मँगनीजही बरंच. रस्त्याचं किंवा मेट्रोचं खोदकाम खिडकीबाहेर चालू असेल तर ब्लँकमध्ये हे तिघे एकत्र चढलेले दिसतात. दिवाळीच्या आठवड्यात बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही चढू शकतात, ते फटाक्यांतून येतात. शक्य असेल तर त्या आठवड्यात नमुने घेऊ नयेत. नाही जमलं तर बेरियमवर नजर ठेवा.

गोठवणं आणि नेणं

एलपीनंतर एका तासाच्या आत ४ अंशांवर, २,००० जी वेगाने १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी तळाला न ढवळता काढा, खालचे २०० मायक्रोलिटर सोडून द्या. धुतलेल्या क्रायोव्हायलमध्ये ०.५ मिलिलिटरचे भाग करा. एका भागात एकूण धातू मोजायचे, दुसऱ्यात फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) किंवा सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहणारं प्रथिन). आम्ल घालायचं असेल तर फक्त पहिल्या भागात, प्रथिनं मोजायच्या भागात कधीच नाही. आम्लाशिवाय महिनोन्‌महिने ठेवलेल्या नमुन्यात धातू नळीच्या भिंतीला चिकटतो, म्हणून मोजायच्या दिवशी त्याच नळीत डायल्युएंट (नमुना पातळ करायचं द्रावण) घालून ती धुवून घ्यावी लागते.

उणे ८० अंशांवर ठेवा. एकदाच वितळवायचं. वितळलेला नमुना नीट न ढवळता वरून काढला तर पहिला भाग पातळ आणि शेवटचा दाट निघतो. गोठताना क्षार तळाकडे ढकलले जातात, त्यामुळे वितळल्यावर १० सेकंद व्होर्टेक्स केल्याशिवाय पिपेट आत घालू नका.

पुणे स्टेशनच्या बाजूने पाषाणला जायला संध्याकाळी विद्यापीठ चौकातल्या गर्दीत तास सहज जातो. थर्मोकोलच्या खोक्यात कोरडा बर्फ घाला, व्हायल उभ्या आणि झाकणं घट्ट. सैल झाकणातून कार्बन डायऑक्साइड आत शिरला की नमुन्याचा सामू घसरतो. अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी मध्यवस्तीतून काही नेण्याचा बेतच करू नका. मे महिन्यात आणि वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा फ्रीझर इन्व्हर्टरवर नव्हे तर जनरेटरच्या लाइनवर आहे ना, हे स्वतः प्लग पाहून खात्री करा.

यंत्रावर

आयसीपी-एमएस हवं, म्हणजे तप्त प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र. ते नसेल तर ग्राफाइट फर्नेसच्या अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर तांबं आणि मँगनीज मोजता येतं. एका वेळी एकच धातू, पण २० मायक्रोलिटर नमुना पुरतो.

दहापट पातळ करा: ३०० मायक्रोलिटर सीएसएफ, २,७०० मायक्रोलिटर डायल्युएंट. डायल्युएंटमध्ये १ टक्का अतिशुद्ध नायट्रिक आम्ल, ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० आणि अंतर्गत मानक (प्रत्येक नळीत सारखंच घातलेलं, यंत्राचा चढउतार दाखवणारं) म्हणून स्कँडियम, जर्मेनियम, ऱ्होडियम लिटरमागे ५-५ मायक्रोग्रॅम. सीएसएफमध्ये प्रथिनं डेसिलिटरमागे १५ ते ४५ मिलिग्रॅम एवढीच असल्यामुळे एवढ्या आम्लात सहसा काही साकळत नाही. क्षयाच्या मेंदुज्वरात मात्र प्रथिनं शेकड्यांत जातात आणि नळीत धूसर तंतू दिसू लागतात. मग नेब्युलायझर तुंबतो आणि अंतर्गत मानक घसरत जातं. असे नमुने अमोनिया आणि ईडीटीएच्या अल्कधर्मी डायल्युएंटमध्ये चालवा किंवा आम्लात मायक्रोवेव्हने पचवून घ्या.

स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक प्रमाणातल्या धातूंची द्रावणं, साध्या पाण्यात करू नका. सीएसएफमध्ये सोडियम लिटरमागे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास असतं. स्टँडर्डमध्येही शेवटच्या पातळ द्रावणात लिटरमागे ०.८८ ग्रॅम अतिशुद्ध मीठ हवं. मिठाची शुद्धता आधी तपासा: मिठात दहा लाखांत ०.१ भाग धातू असेल तर न पातळ केलेल्या द्रावणात तो ०.८८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होतो. लोहाला हे चालेल, मँगनीजला अजिबात नाही, कारण रुग्णाचं सगळं मँगनीजच तेवढं असतं. मनासारखं मीठ मिळत नसेल तर मँगनीजसाठी स्टँडर्ड अ‍ॅडिशन करा, म्हणजे ठाऊक प्रमाणातलं मँगनीज नमुन्यातच घालून मोजा.

स्टँडर्डची पट्टी लिटरमागे ० पासून ०.०५, ०.१, ०.५, १, २, ५, १० मायक्रोग्रॅमपर्यंत. दहापट पातळ झाल्यावर मँगनीज ०.०७च्या घरात येतं. पट्टीच्या खालच्या टोकाला बिंदू नसतील तर ते निव्वळ रेषा ताणून काढलेलं ठरतं.

सुरुवातीला सेरियम ऑक्साइडचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत, दुहेरी प्रभाराचं ३ टक्क्यांच्या आत आणा. मग हीलियम सोडून टक्कर पद्धतीवर. हीलियमशिवाय मोजलेलं या द्रवात काहीच ग्राह्य धरू नका, आणि त्याची कारणं अशी. लोह-५६वर आर्गॉन आणि ऑक्सिजनची जोडी बसते. तांबं-६३वर आर्गॉन आणि सोडियमची. जस्त-६४ आणि ६६वर गंधक आणि ऑक्सिजनची जुळणी. आर्सेनिक-७५वर आर्गॉन आणि क्लोरिनची. तांब्याची तपासणी सोपी आहे: ६३ आणि ६५ दोन्ही मोजा. दोन्हींतून काढलेलं तांब्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त वेगळं आलं तर काहीतरी बसलेलं आहे. नुसत्या मिठाच्या द्रावणात ६३ दिसतं आणि ६५ दिसत नाही, तर ते सोडियमच, हीलियम वाढवा. जस्तासाठी हीच जोडी ६६ आणि ६८ची. मँगनीजचा स्थिर समस्थानिक एकच, ५५. त्याला ताडून पाहायला दुसरा नाही, म्हणून मँगनीजचे ब्लँक सगळ्यात जास्त लावा.

दर दहा नमुन्यांनंतर एक ब्लँक, एक मधलं स्टँडर्ड आणि पातळ केलेलं प्रमाणित सीरम (सेरोनॉर्मचं खालच्या पातळीचं चालतं). अंतर्गत मानक ८० ते १२० टक्क्यांबाहेर गेलं की तो नमुना पुन्हा. दहा ब्लँकच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट ही ओळखण्याची मर्यादा, दहापट ही आकडा देण्याची. दोन नमुन्यांमध्ये २ टक्के आम्लाने किमान एक मिनिट धुवा. पारा मोजायचा असेल तर त्याला सोन्याचं द्रावण घातलेली वेगळी पद्धत लागते, या फेरीत तो घुसवू नका.

आर्गॉन मिनिटाला १८ लिटरच्या आसपास जातो. ७ घनमीटरचा सिलिंडर साडेसहा तासांत संपतो. फेरी मध्येच विझली तर प्लाझ्मा पुन्हा पेटवून जोडलेले आकडे एकत्र करू नका. दोन सिलिंडर आपोआप बदलणाऱ्या जोडणीवर ठेवा, आणि सणाच्या सुट्ट्यांआधी साठा भरा.

आकडा वाचताना

पहिला प्रश्न: धातू मेंदूत वाढला की रक्तातून गळून आला? सीरममधलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनला आणि लोह ट्रान्सफेरिनला बांधलेलं असतं. रक्त आणि मेंदू यांमधला पडदा सैल झाला की ही प्रथिनं धातूसकट आत येतात. म्हणून अल्ब्युमिनचं गुणोत्तर काढा: सीएसएफमधलं अल्ब्युमिन मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, भागिले सीरममधलं ग्रॅम प्रति लिटरमध्ये. वयानुसार वरची मर्यादा म्हणजे ४ अधिक वयाचा पंधरावा भाग. साठ वर्षांच्या माणसात ती ८. सीएसएफमध्ये ४८० आणि सीरममध्ये ४० असेल तर गुणोत्तर १२, म्हणजे पडदा गळतोय. अशा माणसाचं तांबं २५ आलं तर त्यावरून मेंदूतल्या तांब्याबद्दल काही बोलता येत नाही.

विल्सनच्या आजारात (शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार), मज्जासंस्थेची लक्षणं असतील तर सीएसएफमधलं तांबं अनेकपट वाढलेलं सापडतं. पण निदान त्यावर करायचं नाही. सेरुलोप्लाझ्मिन डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली, २४ तासांच्या लघवीत १०० मायक्रोग्रॅमहून जास्त तांबं, डोळ्यात कायझर-फ्लायशर कडं आणि एटीपी७बी जनुकाची तपासणी, या वाटेने जायचं. सापळा असा की सीरममधलं एकूण तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन विल्सनमध्ये कमी असतं आणि तांब्याच्या कमतरतेतही कमी असतं. जस्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्या किंवा पोटाचं बायपास झालेल्या माणसाच्या मज्जारज्जूला तांब्याअभावी इजा होते, आणि ती बी-१२च्या कमतरतेसारखीच दिसते: पाय जड, चाल अडखळती, अंधारात तोल जातो. लघवीतलं तांबं विल्सनमध्ये जास्त, इथे कमी. एकाला तांबं बाहेर काढणारं औषध आणि दुसऱ्याला तांबं द्यायचं असल्यामुळे हा फरक चुकला तर रुग्णाचं नुकसान भरून येत नाही.

मँगनीज चढलं तर लिव्हर पाहा, कारण मँगनीज पित्तातून बाहेर पडतं. एमआरआयच्या टी-१ चित्रात ग्लोबस पॅलिडस (मेंदूच्या आत खोल असलेला एक भाग) दोन्ही बाजूंना उजळ दिसतो का ते पाहा. वेल्डरमध्ये, लांबलेल्या शिरेतल्या पोषणात आणि एसएलसी३०ए१० जनुकाच्या दोषात हेच चित्र दिसतं. डायलिसिसच्या रुग्णात गोंधळलेपणा आणि बोलण्यात अडथळा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा विचार करा, पण नळी काचेची नव्हती याची खात्री करूनच. अस्वस्थ पायांच्या आजारात एकूण लोहापेक्षा सीएसएफमधलं फेरिटिन जास्त सांगतं: ते कमी सापडतं, सीरमचं फेरिटिन ठीक असतानाही.

अल्झायमर आणि पार्किन्सनबद्दल मात्र नातेवाइकांना स्पष्ट सांगावं लागतं. या आजारांत सीएसएफमधल्या धातूंवरची निरीक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत, काहींत वाढ, काहींत घट, काहींत फरकच नाही. अल्झायमरच्या निदानासाठी सीएसएफमध्ये अमायलॉइड-बीटा-४२ आणि टाऊ मोजतात. धातूच्या एका आकड्यावरून चिलेशनचे (धातू बांधून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाचे) सलाइन चढवणं धोक्याचं आहे. रक्तातलं कॅल्शियम घसरून जीव जाऊ शकतो. अहवाल हातात घेऊन असा उपचार शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला वेळ देऊन समजवा, त्यांची घालमेल खरी असते.

अहवाल

प्रत्येक आकड्यासोबत इतकं लिहा: कितवा मिलिलिटर, तांबड्या पेशी, अल्ब्युमिनचं गुणोत्तर, त्याच वेळचा सीरमचा आकडा, आकडा देण्याची मर्यादा, वॉर्ड ब्लँक, सुईचा लॉट, काँट्रास्टची तारीख. मर्यादेखालचा आकडा शून्य म्हणून लिहू नका, "०.३ पेक्षा कमी" असं लिहा. संदर्भ पातळी छापील तक्त्यातून उचलण्यापेक्षा तुमच्याच सुईने, तुमच्याच नळीत घेतलेल्या, मज्जासंस्थेचा आजार नसलेल्या लोकांच्या नमुन्यांवरून बांधा. स्पायनल भूल देताना, औषध घालण्याआधी, संमतीने घेतलेलं पाणी यासाठी सोयीचं पडतं. अनपेक्षित आकडा आला तर गोठवलेला दुसरा भाग वेगळ्या दिवशी, वेगळ्या स्टँडर्डवर चालवा. दोन्ही आकडे १५ टक्क्यांच्या आत जुळले तरच उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन करा, आणि फोनवर आकड्याआधी पेशींची संख्या सांगा.